विहिरींच्या फाइली

चैत्र वद्य अष्टमीच्या सकाळी, हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याच्या एका लहान गावी, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जळबा आपली विहीर आटल्याचा पुरावा मागत उभा होता. पुरावा मिळाला की ठराव होणार होता, आणि ठराव झाला की त्याच्या शेतात येऊन थांबलेली बोअरची गाडी जमिनीत खोल भोक पाडणार होती. बांधाच्या पलीकडे पेमाची मोसंबीची बाग होती आणि त्या बागेला पाणी देणारी एकुलती एक विहीर. म्हणून पेमाही आली होती. चुलत दिराशी बोलायचे नाही असे ठरवून ती दाराजवळ उभी होती.

पुरावा संगणकात होता आणि संगणक अडला होता. ग्रामसेविका सरोजिनी एक्सेल उघडी, की गावातल्या साऱ्या विहिरींच्या फाइली न मागता एकीवर एक उघडत आणि यंत्र बराच वेळ गोठून राही. दुरुस्तीसाठी सेनगावहून आलेल्या उजैरला कारण लवकरच सापडले.

"मॅडम, इथं नेमून ठेवलंय. सुरू होताच ह्या फोल्डरातल्या सगळ्या फाइली उघडायच्या. हे कुनी केलं?"

"मीच."

"काहून?"

"जळबाभाऊंना विचारा."

जळबाने खिडकीकडे तोंड फिरवले. दर अमावास्येला विहिरीत दोर सोडून पाणी मोजायचे असे गावाने ठरवले, तेव्हा घरोघरची अट एकच होती: आमची विहीर भाऊबंदांच्या विहिरीशेजारी एका कागदावर यायची नाही. म्हणून जितक्या विहिरी तितक्या फाइली झाल्या. पुढे पहिल्यांदा कोणाची उघडावी यावरून हातघाई झाली, तेव्हा सर्व एकदम उघडतील अशी तजवीज करावी लागली. हिला वेडेपणा म्हणणे सोपे आहे. परंतु हातघाई थांबली होती, हे नाकारता येत नाही.

"भावजी," पेमाला राहवले नाही, "तुमच्या फाइलीला बी आमच्या शेजारी बसाया लाज वाटती व्हय?"

"वहिनी, तुमी मधी पडू नका. माझं शेत, माझं पानी."

उजैरने सेटिंगमधली ती ओळ पुसून टाकली. "घ्या, आता पुढं तकलीफ न्हाई. पन ह्या बंद करायच्या आधी एकदा बघून घेतो, कशात काही सेव करायचं राहिलं का."

त्याने एक कळ दाबली, आणि एकमेकींखाली दडलेल्या फाइली पडद्यावर शेजारी शेजारी मांडल्या गेल्या.

प्रत्येक चौकटीत वर्षभराच्या पाण्याची एक निळी रेघ होती. कुठे ती उथळ होती, कुठे खोल. वळण मात्र तेच. एक चढली तिथे सगळ्या चढल्या होत्या, एक कलली तिथे सगळ्या कलल्या होत्या. आणि माघाच्या अमावास्येला, पाऊस नाही की पाण्याची पाळी नाही, अशा दिवसांत प्रत्येक रेघ एकाच जागी खचकन खाली गेली होती.

"ह्या मशीनची चूक असंल," उजैर हळूच म्हणाला.

"नाही," सरोजिनी म्हणाली. "प्रत्येक आकडा मी स्वतः दोर मोजून भरला आहे."

जळबा टेबलाजवळ आला. माघातल्या त्या खाचेवर त्याने बोट ठेवले.

"तवा म्या विहीर उपसली होती. गाळ काढाया."

बोट शेवटच्या चौकटीवर गेले. "ही कुनाची?"

"सटवाजींची. ओढ्यापलीकडची."

"एवढ्या लांबची?"

"हो."

विहिरीच्या काठावरून वाकून पाहणारा माणूस नकळत एक पाय मागे घेतो, तसा जळबाने घेतला. पेमाने पदर तोंडाशी धरला होता.

बोअरच्या गाडीवरचा माणूस दारात येऊन उभा राहिला. "सेठ, धूप बढ़ रही है. मशीन लगाऊँ क्या?"

जळबाने पडद्यावरची नजर काढली नाही.

"गाडी वापस ने," तो म्हणाला. "गावात विहीर एकच हाय."