गाव नसलेला माणूस

"आधी फोन दाखव. पैशांचं मग बोलू," प्रभा म्हणाली.

बेटाच्या राजधानीत, सुव्याच्या बसस्टँडवर, शेंगदाणेवाल्यांच्या शेजारच्या बाकावर ती ठाण मांडून बसली होती. जागा तिनेच निवडली होती. चार माणसांत फसवायला कोणी धजत नाही, असं तिचं मत. शेजारी वासिती, मांडीवर दोन महिन्यांची लेक. समोर फोन विकायला आलेला विशी-बाविशीतला तरुण.

वासिती गप्प होती आणि ते बरंच होतं. तिचा भोळेपणा प्रभाला शेजारीण म्हणून पाठ होता. तिचा मागचा फोन त्यातच गेला. कुठलीशी चुलतबहीण आली, "छान आहे गं, मला दे" म्हणाली आणि घेऊन गेली. नातलगाने मागितलं की नाही म्हणायचं नाही, ही वासितीच्या लोकांची रीत. केरेकेरे म्हणतात तिला. आणि नातलग सापडायला वेळ तो काय लागतो? बसमध्ये शेजारी बसलेल्याला वासितीचा पहिला प्रश्न, "गाव कुठलं?" दुसऱ्या थांब्यापर्यंत तो मामेभाऊ निघालेला असतो.

तिचा नवरा ऑस्ट्रेलियात मांसाच्या कारखान्यात कामाला. पोरगी झाली ती तो गेल्यावर. बापाने अजून लेकीचं तोंड पाहिलेलं नाही. प्रभाकडे फोन होता, पण बटणांचा. तिनेही एकदा असाच एका अनोळखी माणसाकडून जुना फोन घेतला होता. तो घरी आल्यावर जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसला, तो कायमचाच. वासितीचे पैसे चटया विणून साठवलेले. ते बुडाले तर दुसरे कुठून येणार? म्हणून प्रभा आज कंबर कसून आली होती.

"विकतोयस कशाला?"

"ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला माझा नंबर लागलाय, आँटी. तिकिटाचे पैसे शुक्रवारी भरायचेत. नाही भरले तर जागा दुसऱ्याला जाईल."

"हं. सगळ्यांना असंच काहीतरी असतं."

तिने फोन उलटासुलटा केला. खोक्यावरचा क्रमांक फोनमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. फोनमधलं त्याचं खातं तिच्या डोळ्यांसमोर पुसायला लावलं. त्याने पासवर्ड टाकून ते मुकाट्याने पुसलं. मग वासितीचं सिमकार्ड घालून घंटी वाजवून पाहिली.

"आणि कॅमेरा?"

त्याने बाळाचा फोटो काढला. बाळाने त्याच क्षणी जांभई दिली आणि तो खुदकन हसला. वासिती त्याच्याकडे बघतच राहिली.

सगळं ठीक होतं. प्रभाला तेच खटकत होतं.

"नाव काय रे तुझं?"

"जोने."

"गाव?"

त्याने वासितीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "इथलाच. सुव्याचा."

"सुवा हे काय गाव झालं? बापाचं गाव सांग की."

"लांब आहे, आँटी." तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागला.

प्रभाच्या मनात पाल चुकचुकली. तीन पिढ्या सुव्यात काढलेली माणसंही आधी आपलं गाव सांगतात. गाव लपवणारा माणूस तिने आयुष्यात पाहिला नव्हता. आता वासिती खोदून विचारील, असं तिला वाटलं. पण वासिती शांतपणे म्हणाली, "मीपण इथलीच. सुव्यातल्या नाबुआची."

धडधडीत खोटं! तिचं गाव वाइलोआ. प्रभाला मनातून बरं वाटलं. चला, बाई शहाणी झाली एकदाची.

"जाहिरातीत साडेतीनशे डॉलर लिहिलेत," तो अजून नाडीशीच बोलत होता, "पण तुम्ही अडीचशेच द्या."

कोणी घासाघीस केली नव्हती. प्रभा ताडकन उठली. "चोरीचा माल असाच स्वस्त होतो! ऊठ वासिती, चल."

वासिती उठली नाही. तिने पिशवीतून साडेतीनशे काढून पुढे केले.

"नको, जास्त आहेत," तो म्हणाला.

"लिहिलेत तेवढे घे. मी नाबुआची बाई, तुझी कोण लागते?"

तो तिच्यापेक्षा खाली वाकला, दोन्ही हातांनी पैसे घेतले आणि ओंजळीने हळूच टाळी वाजवली, घरच्या वडीलधाऱ्यांपुढे वाजवतात तशी. नाटकी मेला, प्रभा मनात म्हणाली.

बसमध्ये बसल्या बसल्या तिने तोंड सोडलं. "शंभर डॉलर सोडत होता ना तो? वर खोटं गाव सांगितलंस ते कशाला?"

वासिती खिडकीशी बाळाला थोपटत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसत होती.

"माझ्या भावाचा धाकटा आहे तो, प्रभाताई. जोने नाही, सेमेसा. हसला तेव्हा ओळखलं. शाळेसाठी लाबासाला गेला तेव्हा एवढासा होता, त्याला मी कुठली आठवणार? गाव सांगितलं असतं तर फोन माझ्या हातात ठेवून तसाच निघून गेला असता. आत्याकडून पैसे घेतो का कोणी? मग तिकीट कशाने काढलं असतं पोराने?"

आपण पोराला चोर म्हणालो, याची प्रभाला लाज वाटली.

"रविवारी हिला बाप बघेल," वासिती म्हणाली. "आणि तो विमानात बसेल. त्याला कळायलाच नको."

बस हलली. खाली तो तरुण शेंगदाणेवाल्यांमधून वाट काढत खिडकीबरोबर धावत होता.

"आत्या!" तो ओरडला. "वाइलोआला सगळ्यांना सांग, तुझ्या सेमेसाचं तिकीट निघालं!"