शोभेची गाठ

सहलीहून आल्या आल्या तिने दप्तर भिरकावलं आणि संग्रहालयात शिकवलेली गाठ धाकट्या भावाच्या पाळण्याच्या दोरीला मारली. तीन पदरी, फुलासारखी. भाऊ आत गाढ झोपला होता.

"डोंगरापलीकडच्या लोकांचे पाळणे होते, आजी. सगळ्यांना अशी शोभेची गाठ! गाईडबाई म्हणाल्या, भारी हौशी लोक होते ते."

एरवी भिंत धरून चालणारी आजी ताडकन उठली. बोटांना गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडवली.

"अगं, नुसती शोभेची आहे ती!"

"मूल गेलं की बांधतात. रिकामा पाळणा चुकूनही कुणी हलवू नये म्हणून." आजीला धाप लागली होती. "किती होते तिथे?"

"अकरा. सगळे एकाच गावचे, एकाच सालचे. पाटीवर लिहिलंय तसं."

"निळ्या दोरीचा होता त्यात?"

"हो! तुला गं कसं माहीत?"

"तुझ्या धाकट्या काकाचा तो."

"काहीतरीच! बाबा तर एकुलते एक आहेत."

आजीने झोपलेल्या नातवाच्या छातीवर हात ठेवला आणि त्याचा श्वास हाताला लागेपर्यंत ती थांबली.

"नव्हते," ती म्हणाली. "त्या साली झाले."