घरचं टपाल

फोनवर मेल आल्याची घंटी वाजली तशी रमाबाईंच्या हातातली भाकरी तव्याच्या कडेवर पडली. मेल करोल बागेतल्या कुठल्याशा दुकानाचा होता. कारच्या सीटकव्हरवर सूट. घरात वाहन म्हणजे एक जुनी स्कूटर.

"हॉस्पिटलचा नाही," दादाराव म्हणाले.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये माणसं तीन आणि मेल एकच. दादारावांच्या नावाचा, पण तिघांच्याही फोनवर उघडणारा. उघडायचा मात्र त्यांनीच. उभी नोकरी तिथल्याच एका मंत्रालयाच्या आवक-जावक शाखेत गेलेली. घरी आलेलं पाकीटही दुसऱ्या कोणी फोडलेलं त्यांना खपत नसे. मेललाही तोच नियम.

त्यांच्या मानेतल्या गाठीचा नमुना दिला, त्या दिवसापासून घर रिपोर्टच्या मेलची वाट पाहत होतं. रमाबाई सोबत गेल्या होत्या. जोडीने आलाच आहात तर, म्हणत डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याही काखेतल्या बारीकशा गाठीत सुई टोचली होती. रमाबाईंची तक्रार एवढीच, की नव्या ब्लाउजला डाग पडला.

त्यांची मुलगी नीलम गुरुग्रामच्या एका कंपनीत होती. कंपनीचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये न जाता इनबॉक्समध्ये पोचावेत, याचाच तिला पगार. साऱ्या देशाला नको असलेले मेल ती बिनचूक पोचवायची, आणि घरी हवा तो एक येत नव्हता. तिने वडिलांना स्पॅम म्हणजे काय ते नीट समजावलं होतं. दादारावांनी एकच शंका काढली.

"म्हणजे एकदा कुणाला स्पॅम ठरवलं, की त्याचं पुढचं सगळं आपोआप तिकडे?"

"बिल्कुल. म्हणून तर तिथेही रोज बघायचं, बाबा."

ते बघायचे. तांदळातले खडे निवडावेत तसे, चष्मा पुसून. मग नाही म्हणून मान हलवायचे.

रमाबाई वाळत चालल्या. नवऱ्याच्या काळजीने खंगलीय ही, असं शेजारीण म्हणायची. त्या दादारावांना बादली उचलू देत नव्हत्या, आणि ते ती रमाबाईंच्याच हातातून काढून घेत.

"आजारी तुम्ही की मी?" त्या विचारायच्या. दादाराव बादली घेऊन निघून जायचे.

रविवारी संध्याकाळी ते म्हणाले, मेल येईल तेव्हा येईल, उद्या जाऊनच विचारू.

"तूही चल. मला एकट्याला भीती वाटते."

रमाबाई हसल्या. सेक्शन ऑफिसरला कधी घाबरला नाहीत, म्हणाल्या. मग पदराने डोळे टिपत पिशवी भरायला उठल्या.

नीलमला ते बघवेना. बाबा दूध आणायला खाली उतरले तसा तिने घरचा नियम मोडला आणि स्पॅम उघडला. हॉस्पिटलचे मेल तिथेच होते. सगळे वाचलेले. वर सूचना होती: या पत्त्याला तुम्ही स्पॅम ठरवलं आहे.

म्हणजे बाबांना माहीत होतं.

पहिला रिपोर्ट तिने श्वास रोखून वाचला. दादाराव, मानेतली गाठ साधी, काळजीचं कारण नाही. तिने तो पुन्हा वाचला. तिला हसू यायला लागलं. असली कसली थट्टा, यार.

स्वयंपाकघरातून आई विचारत होती, बाबांचा स्वेटर पिशवीत घालू का.

नीलमने शेवटचा मेल उघडला. सोमवारी सकाळी कर्करोग विभागात भेटीची वेळ निश्चित झाली होती. रुग्णाचं नाव, रमाबाई.