तोंड पाडून बसजो

"आई, गाडी कितीही आवडली तरी तोंड पाडून बसजो. आणि एक शब्द बोलू नको."

आंधळगावहून मोहाडीला जुनी गाडी पाहायला येताना सुगतनं हे तीनदा बजावलं होतं. तुळसाबाई आता त्याच गाडीच्या मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड काही केल्या पडत नव्हतं. बटण दाबलं की काच खाली जात होती. त्यांनी एकदा खाली केली. वर केली. उगाच परत खाली केली.

न बोलणं जमण्यासारखं होतं. पण तुळसाबाई रोज पहाटे पंचशील घेत, आणि त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. तोंड पाडून बसणं खोट्यात धरायचं की नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी मध्यम मार्ग काढला. पदर तोंडाला लावला आणि पदराआड हसत बसल्या.

गाडी तर हवीच होती. सून तृप्ती दिघोरीच्या दवाखान्यात नर्स. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, तीन एसट्या बदलून. घरी पोचेपर्यंत लेक रीना झोपलेली असायची. या सोमवारपर्यंत गाडी दारात आली नाही, तर रीनाला घेऊन ती दवाखान्याजवळ लाखांदूरला खोली करणार होती. खोली पाहूनही झाली होती. गाडी चालवायला तृप्ती शिकून बसली होती. रोजचं एवढं अंतर, म्हणून डिझेलचीच गाडी पाहायची, असं घरात ठरलं होतं.

सुगत गाडी चालवून पाहत होता. शेजारी मालकाचा मुलगा मोनू. मागे तुळसाबाईंच्या बाजूला स्वतः मालक, केवळराम. तेही ओठ घट्ट मिटून बाहेर पाहत होते.

तलावाच्या पाळीजवळ सुगतनं गाडी थांबवली. "आवाज लय करून राहिली."

"डिझेल आहे भाऊ, आवाज तं करनच," मोनू म्हणाला. "पण चालते कशी, मक्खन."

"आमच्या आईलेही नाही आवडली. पहा ना, कशी बसली आहे."

केवळराम वळले. "काहून बाई? काय खराब वाटलं?"

आता गप्प राहिलं तर सुगतचं खोटं त्यांच्या नावावर जाणार होतं. तुळसाबाईंनी पदर खाली घेतला. "काहीच नाही दादा. अशी गाडी मी जन्मात पाहिली नाही. मले तर उतरावंच वाटत नाही."

सुगतनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. हॉर्न वाजला. पाळीवरचे बगळे उडाले.

मोनूचा चेहरा खुलला, पण क्षणभरच. केवळराम खदखदून हसायला लागले होते. "बाई खरं बोलली. मंग मी भी सांगतो."

"बाबा, तुमचं चूप बसाचं ठरलं होतं ना?"

म्हणजे त्या घरातही सकाळी हेच बजावणं झालं होतं.

"क्लच दोन महिने चालन, मंग बदलाच लागते," केवळरामांनी बोटावर मोजायला घेतलं. "एसी थंडीच्या दिवसात चांगला चालते. डिक्की बुक्की मारल्याबिगर लागत नाही."

"असू द्या दादा. रंग किती साजरा आहे."

"दोनदा मारला आहे. हे तुमच्याकडचं दार तं दुसऱ्याच गाडीचं आहे."

"कळूनही नाही येत."

"तेच तं. म्हणून सांगून राहिलो."

विकणारा किंमत पाडत होता, घेणारी चढवत होती. सुगत आणि मोनू खाली उतरले आणि वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे बॉनेटपाशी उभे राहिले. घासाघीस करायला काही उरलंच नव्हतं. दोघांनी आपापला आकडा सांगितला, तर मधला फरक फक्त नव्या क्लचच्या पैशांएवढा निघाला. तेवढे केवळरामांनी सोडले.

मालकाच्या घरी परत आल्यावर सुगतनं चाबीसाठी हात पुढे केला. केवळरामांनी चाबी दिली नाही.

"हे इंजिन म्हातारं आहे, बापू. पहाटे चाबी अर्धीच फिरवाची. पिवळा दिवा विझू द्याचा. मंग सुरू कराची आणि पाच मिनिटं जाग्यावर ठेवाची. बारा वर्षांत मी एक दिवस चुकलो नाही. तुमच्या घरी हे कोण करन?"

"मी करीन ना काकाजी."

"हा आठाले उठते, दादा," तुळसाबाई म्हणाल्या.

सुगतनं आभाळाकडे पाहिलं.

"आमची सून घरून सहाले निघते. माझं पाचाले उठणं ठरलेलं आहे. मी करीन."

"आई, तुले सायकल नाही येत."

"चालवाची कुठं आहे? जागीच तं कराची आहे," केवळराम म्हणाले आणि त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. "या बाई, बसा."

तुळसाबाई जन्मात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसल्या. गाडी गिअरमध्ये नाही ना, हे केवळरामांनी पाहून दिलं. चाबी अर्धी. दिवा लागला, विझला. चाबी पुरती. आणि ती एवढी मोठी गाडी त्यांच्या हाताखाली थरथरून उठली. तुळसाबाई इतक्या हसल्या की त्यांना पदराचीही आठवण राहिली नाही. चाबी त्यांच्याच मुठीत राहिली.

सोमवारी पहाटे वंदना झाली. अजून उजाडलं नव्हतं. रीना आईच्या कुशीत गाढ झोपली होती आणि सुगत घोरत होता. तुळसाबाईंनी फळीवरची चाबी उचलली. कडी न वाजवता दार उघडलं. कोणाची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेतल्या, आणि पावलांचा आवाज होऊ न देता त्या डिझेल गाडी सुरू करायला निघाल्या.