पदराआडची मावशी

मावशीने पदर हनुवटीपर्यंत ओढला, बांगड्या कोपराकडे सारल्या आणि वाट अडवून उभ्या राहिलेल्या कृष्णाला म्हणाली, “ही वाट काय तुझ्या आजोबाने बांधलीन? हो बाजूला मेल्या. मडक्याला हात लाव तर खरा, मोडून तुझ्याच गळ्यात बांधीन.”

शाळेच्या संमेलनाच्या मांडवात हशा पिकला. पहिल्या रांगेतल्या कुसुमताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. आवाज कुठल्यातरी पोराचा होता, कोवळा. पण ढब दाजीची होती. आणि दाजी तर कधीच गेला.

दाजी म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. नमनाच्या खेळात, कोकणातल्या त्या लोकनाट्यात, गवळणींची मावशी करावी तर दाजीनेच, हे खाडीच्या दोन्ही काठांना मान्य होतं. तो हिरवं पातळ नेसून, तोंड पदराआड झाकून कृष्णाशी भांडायचा. शेवटी पेंद्याने पदर वर केला की आतून झुपकेदार मिशा निघायच्या. पातळ कुसुमताईंचं. घरात वहिनीची पातळं पेटीभर असताना त्याने बहिणीचंच मागून नेलं होतं. तो गेल्यावर ते परत आलं, आणि गावातली मावशी संपली.

यंदा खाडीपलीकडच्या लहानशा शाळेतल्या योगिनीबाई ते पातळ मागायला आल्या. संमेलनात मुलांचं नमन बसवायचं होतं. कुसुमताईंनी ते दिलं, पण अट घातली. “आधी मी पोरांची बोली ऐकेन. जमलं कोणाला तर नेसवा. नाहीतर मावशी गाळा. दाजीचं हसं झालेलं मला चालायचं नाही.”

त्या शाळेत गेल्या आणि एकेकाला उभं केलं. सोहम टीव्हीवरच्या बातम्यांसारखा बोलला. नीरजाने भांडण केलं ते धडा वाचावा तसं. घरात आजी-आजोबा असलेली पोरं ही, पण गावची बोली कोणाच्याच तोंडात उरली नव्हती. कोपऱ्यात मनमाया बसली होती. कुसुमताईंच्याच आंब्याच्या बागेतल्या गुरख्याची मुलगी. दाजी गेला त्याच्या पुढच्या वर्षी ही माणसं नेपाळहून आली.

“हिलाही विचारू या?” योगिनीबाई म्हणाल्या.

“तिला कुठलं मराठी? माझ्यासमोर ‘हां आज्जी’च्या पलीकडे शब्द काढलेलान नाही कधी.” कुसुमताई उठल्या. “राहू दे, बाई. मावशी दाजीबरोबरच गेली म्हणायची.”

पातळ मात्र योगिनीबाईंनी परत केलं नव्हतं. आणि आता ते समोर उभं राहून कृष्णाला झापत होतं.

कोणाचं पोर हे? कुसुमताई कान देऊन ऐकत राहिल्या. मिऱ्याकडचं म्हणावं, तर तिकडचा हेल निराळा. बाजारपेठेतलं म्हणावं, तर तिथे ‘मेल्या’ म्हणताना अशी मान कोण झटकतं? हे तर दाजीचंच. पण दाजीने कोणाला शिकवलं नव्हतं. शिकवण्याचा त्याला कंटाळा होता. मग हे पोर शिकलं कुठे?

“कृष्ण आहेस तर देवळात बस जाऊन,” मावशी म्हणाली. “इथे कशाला कडमडलास? सांगू तुझ्या आयशीला?”

पुन्हा हशा झाला. मागच्या रांगांतली माणसं माना उंचावून कुसुमताईंकडे बघायला लागली. दाजीच्या वेळीही बघायची. बहिणीला केवढं कौतुक वाटतंय ते बघत असतील, असं त्या धरून चालायच्या. पण आज तर भाऊ नव्हता. मग काय बघत होती? त्यांनी चष्मा सारखा केला. पदर चाचपला. शेजारी बसलेल्या रुपालीला विचारलं, “काय गो, माझ्या तोंडाला काही लागलंय?”

“नाही हो ताई,” रुपाली म्हणाली आणि रुमालात तोंड खुपसून बसली.

पेंद्या झालेला सोहम पुढे आला. त्याने दोन्ही हातांनी मावशीचा पदर वर केला. आत काजळाने काढलेल्या मिशा होत्या, आणि मिशांच्या वर मनमायाचे डोळे होते.

पडदा पडल्यावर योगिनीबाईंनी तिला खाली आणलं. मनमाया कुसुमताईंच्या पाया पडली. मिशा गालभर पसरल्या होत्या.

“तुम्ही आलात तेव्हा दाजी नव्हता,” कुसुमताई म्हणाल्या. “त्याची मावशी तू बघितलीस कुठे?”

“दाजी कोण?” मनमायाने विचारलं.

कुसुमताई पुढे वाकल्या. “मग तुला हे शिकवलंन कोणी?”

“कोणी नाही.” मनमाया पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. “आंबे पाडायला पोरं येतात, तेव्हा तुम्ही कुंपणाशी उभ्या राहून बोलता ना. ते मी रोज ऐकते. मला वाटलं, मराठी असंच असतं.”

कुसुमताई काहीतरी बोलणार होत्या. बोलण्याआधी त्यांनी सवयीने बांगड्या कोपराकडे सारल्या, आणि हात तिथेच थांबला. त्यांनी सावकाश वळून मागे पाहिलं. दाजीच्या काळापासून त्यांच्याकडे बघत आलेलं सगळं गाव एकाएकी मांडवाचं छत बघायला लागलं.

“पातळ परत देऊ, आज्जी?” मनमायाने हळूच विचारलं.

“राहू दे तुझ्याकडेच,” कुसुमताई म्हणाल्या. “पदर तेवढा वर घे. एवढा खाली मी कधी घेते गो?”