देवाचं कांबळं

"आणि वसंतात दारं उघडली की त्या कांबळ्याचं काय करतात?" हेमानं विचारलं.

"धागा धागा करून वाटतात. प्रसाद म्हणून," सरू म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

जीप पांडुकेश्वरच्या पुढचा चढ चढत होती. मागच्या बाजूला माणसं नव्हती, नुसती रिकामी पोती आणि दोरखंड. कार्तिकात बद्रीनाथकडे जाणाऱ्या गाड्या अशाच असतात. देवळाची दारं बंद झाली की शेजारचं माणा गावही बर्फाच्या हवाली करून लोक खाली उतरतात. त्यांचा संसार आणायला गाड्या वर रिकाम्या जातात. ही गाडी सरूच्या मामाची. तो दोघींना फुकट न्यायला तयार झाला, फक्त परतताना बटाट्यांच्या पोत्यांवर बसायची अट होती. राहणं सरूच्या घरी, जेवणही तिथंच. गोपेश्वरच्या कॉलेजातल्या पोरींना याहून स्वस्त यात्रा कुठली मिळणार?

हेमा पौडीची. बद्रीनाथ तिनं अजून पाहिलं नव्हतं, पण तिला देवापेक्षा त्या कांबळ्याचंच कुतूहल होतं. दारं लावण्याआधी देवाला तूप माखलेलं लोकरीचं कांबळं पांघरतात. ते माणाच्या मुली कातून, विणून एका दिवसात पुरं करतात. एकाच दिवसात का? आणि तूप कशाला?

"हिवाळाभर एकटा असतो तो वर," सरूनं सांगितलं. "थंडी काय तुलाच वाजते?"

"तूही बसतेस ना कातायला?"

"लहानपणापासून."

"मग यंदाही बसणार?"

"घाट लागलाय. बोललीस तर उलटी होईल. गप्प बस."

हेमा गप्प बसली, पण तिच्या डोक्यातलं चक्र थांबलं नाही. उन्हाळ्यापासून सरू घरी गेली नव्हती. दसऱ्याला परीक्षेचं निमित्त सांगितलं, आणि परीक्षा तर दिवाळीनंतर होती. आईचा फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलायची. आणि मागच्या आठवड्यात आपणहून म्हणाली, "मी माणाला जातेय. येतेस? एकटीनं जाववत नाही." घरी जायला सोबत कशाला लागते, हे हेमाला कळलं नव्हतं.

सरूची आई दारातच उभी होती. तिनं दोघींना मिठाचा चहा दिला, फाफराच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या रोट्या वाढल्या, आणि हॉस्टेलात तुम्हाला खायला घालतात की नुसतं पुस्तकांवरच ठेवतात, असं विचारलं. सरूचे वडील मेंढरं घेऊन आधीच खाली गेले होते. आई लेकीकडे पुन्हा पुन्हा बघत होती. सरू मात्र चुलीतल्या जाळाकडे बघत बसली.

सकाळी ऊन पडलं तशा गावातल्या मुली न्हाऊन, उपाशीपोटी अंगणात जमल्या. लोकरीचे पुंजके वाटले गेले. देखरेखीला सरूची थोरली काकू होती. थोरल्या काकूला तिकडं बोडी म्हणतात; सगळं गावही तिला तेच म्हणे. मीही एक धागा कातू का, असं हेमानं विचारलं तेव्हा बोडी बोळक्या तोंडानं हसली.

"तू पौडीची. तू डोळ्यांनी कात, भुली," ती धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली.

सरूची जागा आईनं स्वतः झाडून ठेवली होती. सरू बसली. तिनं टकळी घेतली, लोकर बोटांत धरली, आणि तिचा हात तिथंच थांबला. आजूबाजूच्या टकळ्या भिरभिरत होत्या. हिची जागची हलेना.

आई जवळ येऊन वाकली. "अडचण आलीय का?" तिनं हळूच विचारलं. "मग ऊठ. त्यात काय, कुणी काही म्हणत नाही."

शेजारी बसलेल्या हेमाला ते ऐकू गेलं. एवढंच होतं तर, असं तिला वाटलं. नुसती मान डोलावली की सरूची सुटका होती.

सरूनं मान डोलावली नाही. टकळी कपाळाला लावून तिनं खाली ठेवली आणि ती उभी राहिली.

"माँ, या कांबळ्याला कुमारिकांचेच हात लागतात. माझे आता चालायचे नाहीत. श्रावणात मी लग्न केलं. कोर्टात."

टकळ्या थांबल्या. हेमा मनात श्रावणापासूनचे महिने मोजू लागली. एका खोलीत, शेजारच्या खाटेवर झोपणारी मैत्रीण, आणि आपल्याला पत्ता नाही. समोरच्या घराचं दार किलकिलं झालं. असल्याच एका लग्नावरून त्या घरानं आपल्या मुलीचं तोंड पुन्हा पाहिलं नव्हतं.

"पोरींनो, सूर्य कुणासाठी थांबत नाही," बोडी म्हणाली. "हात चालवा."

टकळ्या पुन्हा फिरू लागल्या. सरूची आई त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"फोनवर सांगितलं असतं तर तू गावाला काहीतरी निमित्त सांगितलं असतंस. आणि माझी जागा दर वर्षी झाडून ठेवली असतीस."

आईनं सरूच्या वाटणीची लोकर उचलून पलीकडच्या मुलीच्या ओटीत टाकली, आणि मागं न बघता घरात गेली. सरू अंगणाच्या मध्यावर तशीच उभी राहिली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. हेमानं तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

बऱ्याच वेळानं आई उंबऱ्यात आली. तिचे डोळे लाल होते, हाताला पीठ लागलेलं होतं.

"उपास या मुलींना आहे, तुला नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आत ये, जेवून घे. आणि माझ्या जावयाचं नाव काय, ते सांग."