हात खाली

पॅरोल मंडळाने सुटकेला नाही म्हटलं, त्याच दुपारी रॉयस टिल्मन नेहमीसारखा खेळायला येऊन बसला. कुणी काही विचारलं नाही. निकाल त्याच्या आधीच बराकीत पोचला होता. सकाळी व्हिडिओच्या पडद्यावर दिसलेल्या मंडळाच्या चेहऱ्यांपैकी एका बाईंनी कागदाकडे बघत सांगितलं होतं की तुमच्यात बदल झालेला आम्हाला अजून दिसत नाही, आणि रॉयस थँक यू मॅडम म्हणून उठला होता. परत येताना आपल्याला वाईट वाटतंय का, हे त्याने आत चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही. जेवण त्याने सगळं संपवलं.

खेळ चालवायचा पॉप्स. जाड भिंगांचा, बराकीतला सगळ्यात म्हातारा कैदी. गोष्ट तो सांगायचा: समोर नदी आहे, दार आहे, राक्षस आहे. त्या गोष्टीत प्रत्येकाचा एक माणूस असे, आणि त्या माणसाने काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं, ते कॉफीच्या मगातून आकड्याची चिठ्ठी काढून ठरे. फासे म्हणजे जुगार, म्हणून तुरुंगात फाशांना बंदी होती. सोबतच्या कैद्यांपैकी चुयचा माणूस चोर होता, हँकचा जादूगार. रॉयसचा होता ब्रॅम, कुऱ्हाडवाला. इतक्या वर्षांत ब्रॅम दोनच गोष्टी करत आला होता. दार आलं की लाथ, माणूस आला की कुऱ्हाड. सगळे त्यावर हसत. रॉयसही हसे.

"पुलावर जकातनाकं आहे," पॉप्स सांगत होता. "आत एकटा म्हातारा नाकेदार. कमरेला फाटकाची किल्ली. तुम्हाला बघून त्याने दोन्ही हात वर केलेत. ब्रॅम सगळ्यांत पुढे आहे. काय करतो तो?"



"काय करतो म्हणजे?" चुय म्हणाला. "उडवतो त्याला. किल्ली घ्या आणि चला, मला गिनतीच्या आत खजिना बघायचाय." रॉयसच्या वतीने चिठ्ठी काढायला त्याने मगात हातही घातला.

पॉप्सने त्याचं मनगट धरून हात बाजूला केला. माणूस रॉयसचा आहे, तोच सांगेल, एवढं म्हणून तो थांबला.

खूप वर्षांपूर्वी रॉयससमोर, पेट्रोल पंपावरच्या दुकानात, असाच एक माणूस गल्ल्यामागे हात वर करून उभा होता. मग त्याने एक हात खाली घेतला. कशासाठी, ते कोर्टात कुणालाच सांगता आलं नाही. सांगू शकला असता तो माणूस उरला नव्हता.

"त्याचे हात थरथरतायत का?" रॉयसने विचारलं.

याचा पॉप्सने विचारच केला नव्हता. त्याच्या लेखी नाकेदार म्हणजे एक किल्ली, आणि ती लटकवायला थोडासा माणूस. तो जरा अडखळला. "थरथरतायत," मग म्हणाला. "कधीचे वर धरलेत. भरून आलेत."

"मग ब्रॅम त्याला म्हणतो, हात खाली घे."

किल्लीचं काय, असं हँकने विचारलं. रॉयस म्हणाला, किल्लीचं काही नाही. हात खाली घे, एवढंच.

चुयने कपाळाला हात लावला. पॉप्सने चष्मा काढला, बाहीने पुसला, पुन्हा चढवला. खेळात तो कुणाला सूट देत नसे. "ठीक. तो हात खाली घेतो. एक हात भिंतीकडे जातो. तिथे घंटेची दोरी आहे, पलटणीला बोलवायची. अजून ओढलेली नाही. कुऱ्हाड तुझ्या हातात आहे, रॉयस, आणि तो इतका जवळ आहे की मी चिठ्ठीसुद्धा काढायला लावणार नाही."

"रॉयस, ऐक," चुय म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. खेळातला हा चोर त्याने तुरुंगात आल्यापासून सांभाळला होता, त्याला बहीण दिली होती, गाढव दिलं होतं. "माझा माणूस सापडला तर त्याला फाशी आहे. तुला माहितेय."

"माहितेय."

"मग?"

"ब्रॅम उभा राहतो," रॉयस म्हणाला. "ओढू देतो."

पॉप्सने घंटा वाजवली, पलटण आणली. हँकच्या जादूगाराने नदीत उडी टाकली. चुयने चिठ्ठी काढली, आकडा लहान निघाला, आणि चोर पुलावरच धरला गेला. ब्रॅमने कुऱ्हाड आपणहून खाली ठेवली.

"इथेही आत, तिथेही आत," चुय म्हणाला. "आणि तिथे तर लटकवणार." त्याने पेन्सिल टेबलावर टाकली आणि रॉयसकडे न बघता निघून गेला. त्याला काहीतरी म्हणायला हवं, हे रॉयसला कळत होतं. वाक्यही तयार होतं. त्याने नुसती टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली.

गिनतीची हाक झाली तसे सगळे आपापल्या कोठडीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. पॉप्स सगळ्यांत शेवटी, कॉफीचा मग छातीशी धरून सावकाश येत होता. रॉयसपाशी आल्यावर त्याचा पाय रेंगाळला.

"तो नाकेदार," तो खाली बघतच म्हणाला, "संध्याकाळी घरी गेला."

रॉयसने मान हलवली. शिपाई एकेकाला मोजत आला, त्याच्यावर बोट रोखलं, आणि पुढे सरकला.